मी थरथरत नाही

मी एक जुनी, बुटकी, लाल रंगाची गाडी आहे. मला दारं दोनच, आणि मागची सीट इतकी अरुंद की तिथे एक मूल आणि एक दप्तर एवढंच मावतं. मित्रांनो, खरं तर मी माझी गोष्ट फुशारकीने सुरू केली असती. मिरवण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं. पण एका पावसाळी दुपारी माझ्यामुळे दोन जीव जाता जाता राहिले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझं कौतुक करताना तुम्ही जरा जपून कराल.

माझं इंजिन इतर गाड्यांसारखं नाही. त्यांच्या पोटात पिस्टन वर-खाली आपटत असतात. माझ्यात पिस्टन नाहीतच. माझ्यात फुगीर बाजूंचे दोन लोखंडी त्रिकोण आहेत आणि ते नुसते गोल गोल फिरतात. आपटणं नाही म्हणून धडधड नाही, धडधड नाही म्हणून थरथर नाही. कारखान्यात माझी जोडणी झाली, तेव्हा तपासनिसाने इंजिन सुरू केलं, खिशातून एक नाणं काढलं आणि ते इंजिनावर कडेवर उभं केलं. नाणं जागचं हललं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्रिकोणांच्या टोकांवर बारीक पट्ट्या बसवणारी एक बाई तेवढी हात पुसत उभी होती.

"हिचं कळणार कसं?" ती म्हणाली. "दुखलं-खुपलं तरी ही हलायची नाही."

तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. पण असा विचार आणखी कुणीतरी केला असावा, कारण पुढच्याच टेबलावर माझ्यात एक छोटा बझर बसवला गेला. वेग फार वाढला की तो एकसारखा लांब वाजणार, आणि इंजिनातलं पाणी कमी झालं की तुटक वाजणार. दोन छोटे, एक थांबा, दोन छोटे, एक थांबा. माझं सगळं बोलणं काय ते एवढंच.

माझा पहिला मालक हौशी होता. त्याला मी चालवायला नको होते, दाखवायला हवी होते. पाहुणे आले की तो मला सावलीतून दहा पावलं उन्हात आणायचा आणि लगेच बंद करायचा. थंड असताना असं केलं की माझ्या पोटात पेट्रोल साचतं, प्लग ओले होतात आणि दुसऱ्या दिवशी मी काही केल्या सुरू होत नाही. त्याला वाटायचं, मी नखरे करते. तीन वर्षांत त्याने मला विकायला काढलं.

मला बघायला सातजण आले. सहाजणांनी रंग पाहिला, काचा वर-खाली केल्या, टायरला लाथ मारली. सातवे होते कानसेन. लाकडाच्या वखारीत मोठ्या करवतीवर काम करणारे. ओंडक्यात खिळा रुतलेला असेल, तर करवत त्याला लागायच्या आधीच ते आवाजावरून ओळखायचे आणि यंत्र थांबवायचे. त्यामुळे कितीतरी जणांची बोटं शाबूत राहिली होती, आणि वखारीने त्यांना हे नाव दिलं होतं. त्यांनी माझ्या रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. मला सुरू करायला लावलं, एका काठीचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून घेतले.

"हिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "हिला कुणी विचारलेलं नाही."

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले.

त्यांचं घर उतारावर होतं. खाली गॅरेज आणि वर राहायच्या खोल्या. गॅरेजच्या आतूनच एक लाकडी जिना थेट वरच्या खोलीत जायचा. हा जिना लक्षात ठेवा. कानसेनांनी पहिल्याच आठवड्यात भिंतीवर पिवळ्या रंगाने माझे चार नियम लिहिले:

थंड बंद करू नये.
दर दुसऱ्या पेट्रोलला तेल बघावं.
रविवारी पाणी बघावं.
दमून आली की दोन मिनिटं चालू ठेवावी.

माझ्यासारख्या इंजिनाला तेल लागतंच. पट्ट्या झिजू नयेत म्हणून मी थोडं थोडं तेल जाणूनबुजून जाळते. तो आजार नव्हे, तो माझा स्वभाव आहे. समोरच्या घरातले गृहस्थ चेष्टा करायचे, "अहो, गाडी पाळलीय की म्हैस? सारखं हिच्या खाण्याचंच बघता!" कानसेन हसायचे आणि तेल मोजायची पट्टी पुसून पुन्हा बुडवायचे. मी पुरती तापले की रोज एकदा ते मला मोकळ्या रस्त्यावर जोरात पळवायचे. पोटात साचलेली काजळी त्याने जळून जाते. मला हळूच, जपून चालवणं म्हणजे मला आतून बुजवणं, हे फार थोड्यांना कळतं.

आणि चौथा नियम. चढ चढून, दमून आलं की मला लगेच बंद करायचं नाही. पाणी आत फिरत राहिलं पाहिजे, म्हणजे ऊब सगळीकडून सारखी उतरते. त्या दोन मिनिटांत कानसेन कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायचे, टॉवेल खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "बोलावतेय बघा." मग येऊन किल्ली फिरवायचे. माझा आवाज हेच त्यांचं घड्याळ होतं. अशी बारा वर्षं सुखात गेली, मित्रांनो.

मग एका सकाळी त्यांनी किल्ली फिरवली, मी सुरू झाले, आणि त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली.

चालू गाडीला पुन्हा किल्ली मारली की दाते दात्यांवर घासतात आणि अंगावर काटा येईल असा आवाज होतो. समोरच्या गृहस्थांनी खिडकीतून डोकं काढलं. कानसेनांनी मात्र मान वर केली नाही. हाताला धक्का बसला तेव्हा त्यांनी किल्ली सोडली आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे बघत राहिले. काटा हजारावर होता, म्हणजे मी चालू होते.

करवतीने तीस वर्षं त्यांना नाव दिलं होतं, आणि त्याच तीस वर्षांत थोडे थोडे करून कान नेले होते.

दुसरी एखादी गाडी असती, तर त्यांना कळत राहिलं असतं. तिची सीट थरथरली असती, स्टिअरिंगवरच्या हातांना मुंग्या आल्या असत्या. पण माझ्यात काहीच हलत नाही. ज्या गुणासाठी माझ्या जन्माच्या दिवशी टाळ्या वाजल्या, तोच आता आम्हा दोघांमध्ये भिंतीसारखा उभा राहिला. त्या दिवसापासून त्यांनी मला ऐकणं सोडलं आणि काट्यावर वाचायला सुरुवात केली. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. कानसेनाने काय सांगावं, की कान गेले? शिवाय तोपर्यंत घरात लेक आणि नात राहायला आल्या होत्या. ऐकू येत नाही असं कळलं, तर लेक किल्ली काढून घेईल, ही भीती होतीच.

लेक एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांशी बोलून तिचा घसा बसलेला असायचा. नात आठ वर्षांची. एका जागी कधी उभी राहायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. शाळेतून तिला आणायचं काम आमच्याकडे होतं. मागच्या सीटवर दप्तराशेजारी बसून ती अखंड बडबड करायची आणि कानसेन आरशात तिचे ओठ बघून "हो का?", "मग?" करत राहायचे. त्यांची उत्तरं कधी कधी भलतीच असायची. ती खिदळायची. तिला वाटायचं, आजोबा मुद्दाम करतात.

मागच्या वर्षी माझ्या इंजिनाच्या मागच्या बाजूची, सहज न दिसणारी एक बारीक नळी चिरली. तापले की तिथून पाणी निसटायचं आणि फुस्स असा आवाज यायचा. तेलपाण्याला आलेल्या मिस्त्रीने तो ऐकला. बॉनेटखाली डोकं घालूनच तो म्हणाला, "काका, मागची नळी गेलीय. बदलून घ्या. अंगावर काढू नका."

त्याची पाठ होती. ओठ दिसत नव्हते. कानसेन म्हणाले, "हो, हो, हल्ली गारठा फारच वाढलाय."

मिस्त्रीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याला वाटलं, मालक जाणकार आहेत, त्यांनी ऐकलंय, बघतील त्यांचं ते. तो बॉनेट लावून निघून गेला.

तेव्हापासून मी रोज वाजू लागले. रविवारी कानसेन नियमाने पाणी भरायचे. सोमवारच्या फेरीतच ते खुणेखाली उतरायचं, आणि मग रोज घरी आल्यावर त्या दोन मिनिटांत माझा बझर सुरू व्हायचा. दोन छोटे, एक थांबा. दोन छोटे, एक थांबा. कानसेन नळावर हात धूत असायचे. मी त्यांच्या पाठीला सांगत राहायचे. स्वयंपाकघरात लेकीला ऐकू जायचं, समोरच्या गृहस्थांना जायचं. भिंगरीला तर तो ताल इतका पाठ झाला की जेवताना ती ताटावर चमच्याने तोच वाजवायची. कुणीही एक अक्षर बोललं नाही. माझ्या बाबतीत कुणी बोट घातलेलं कानसेनांना खपत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. ज्या माणसाला आवाजावरून खिळा कळतो, त्याला हे कळत नसेल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि मग ती दुपार आली.

शाळेत भिंगरीला ताप भरला. बाईंनी लेकीला फोन केला, लेकीने कानसेनांना मेसेज पाठवला. पाऊस तिरपा पडत होता. येताना त्यांनी मला चढावर कधी नव्हे इतकं दामटलं. मागच्या सीटवर पोर डोळे मिटून पडली होती आणि आरशात तिचे ओठ हलत नव्हते. चढाच्या वळणावर ती चिरलेली नळी पुरती फाटली. मला ते कळलं. सांगायचं कुणाला?

गॅरेजमध्ये शिरलो. पावसाचा सपकारा आत येत होता, पोरीच्या अंगावर नको म्हणून त्यांनी आधी शटर खाली ओढलं. मग तिला उचललं. किल्लीकडे त्यांचा हात गेला होता, मित्रांनो. मी पाहिला. पण त्यांची नजर भिंतीवर गेली. गाडी दमून आली होती.

"दोन मिनिटं," ते मला म्हणाले. "हिला निजवून आलोच."

दोन्ही हातांत पोर असल्यामुळे जिन्याचं वरचं दार त्यांना लावता आलं नाही.

गाडीच्या धुरात एक विष असतं. त्याला रंग नाही, वास नाही. मोकळ्या रस्त्यावर ते वाऱ्याने विरून जातं. बंद गॅरेजमध्ये ते साठतं, आणि वाट मिळेल तिकडे जातं. त्या दिवशी त्याला जिन्याची वाट उघडी होती. मी जागच्या जागी चालत होते. एका बाजूने मी तापत होते, दुसऱ्या बाजूने ते विष एकेक पायरी चढत होतं. आणि मला थांबता येत नव्हतं. गाडीला स्वतःची किल्ली फिरवता येत नाही.

वर त्यांनी पोरीला पांघरूण घातलं, पाऊस येतो म्हणून खिडकी लावून घेतली, कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. तिने त्यांचं बोट धरलं होतं. ते सोडवून खाली यायचं त्यांच्या जिवावर आलं. मग विसर पडला. पूर्वी त्यांना विसर पडला असता, तरी मी आठवण दिली असती. आता त्यांच्या कानांना घरात सगळं निवांत होतं.

मी वाजत होते. दोन छोटे, एक थांबा.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. भिंगरी कण्हली, "आजोबा, डोकं दुखतंय."

त्यांनी तिचे ओठ वाचले. "ताप आहे ना, म्हणून. झोप हं."

त्यांचंही डोकं जड झालं होतं. त्यांना वाटलं, धावपळीने झालं असेल. त्यांनी खुर्चीच्या पाठीला मान टेकली आणि डोळे मिटायला लागले.

मी वाजत राहिले. माझा तापमानाचा काटा लाल पट्टीच्या पार गेला होता. आतले भाग फुगून एकमेकांना घासू लागले होते. पाणी नसलेलं इंजिन असं चाललं तर पुन्हा कधी धड होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण खरं सांगते, त्या वेळी मला माझ्या जिवाची पर्वा नव्हती. मी मोजत होते त्या फक्त जिन्याच्या पायऱ्या.

भिंगरीला मात्र काहीतरी खुपत होतं. रोज हा आवाज दोन मिनिटांत बंद व्हायचा. तिने त्यांचा हात हलवला.

"आजोबा, ती थांबत नाहीये."

"कोण?"

"गाडी. वाजतेय."

"गाडी बंद आहे, राणी. चालू असती तर मला कळलं नसतं का?"

पोर तापात होती. तापात माणूस खरं बोलून जातो. "तुम्हाला कधीच कळत नाही," ती म्हणाली. "ती रोज वाजते."

भिंगरीने त्यांचा हात उलटा केला आणि तळव्यावर बोटाने ताल धरला. दोन छोटे टिचके, एक थांबा. दोन छोटे टिचके, एक थांबा.

तो ताल ते विसरले नव्हते. मला घरी आणलं तेव्हा त्यांनीच सगळ्यांना समजावलं होतं, लांब वाजला तर वेग, तुटक वाजला तर पाणी. म्हणजे खाली गाडी अजून चालूच होती. ते उठले, तर पाय लटपटले. बसलेल्या माणसाचे पाय उगाच असे लटपटत नाहीत, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांनी पोरीला पांघरुणासकट उचललं, भिंतीला धरत धरत चढाकडचं पुढचं दार गाठलं आणि तिला बाहेर ओट्यावर, ओल्या वाऱ्यात नेऊन ठेवलं. मग भर पावसात उतारावरून खाली आले आणि बाहेरून शटर वर ढकललं.

आतून पांढऱ्या वाफेचा लोट बाहेर आला. त्यांनी सवयीने माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला. थरथर नव्हतीच. पण तळवा भाजून निघाला. त्यांनी श्वास कोंडून दार उघडलं आणि किल्ली फिरवली.

दोघंही दोन दिवस इस्पितळात होते. तोंडावर प्राणवायूची नळी लावून. डॉक्टर लेकीला म्हणाले, "आणखी वीस मिनिटं गेली असती तर हे दोघं आत्ता नसते." कानसेनांच्या कानांची तपासणी तिथेच झाली.

घरी आल्यावर लेक गॅरेजच्या दारात उभी राहून बोलली. तिचा बसका घसा आणखी बसला होता.

"वर्षभर ऐकतेय मी तो आवाज, बाबा. वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमच्या गाडीबद्दल बोललेलं तुम्हाला चालत नाही, म्हणून गप्प बसले. तुम्ही तरी सांगायचंत ना हो!"

"लाज वाटली," कानसेन म्हणाले. ती पुढे येऊन त्यांच्याजवळ उभी राहिली, एवढंच.

मिस्त्री आला, त्याने माझे प्लग काढले, आत दाब किती उरलाय ते मोजलं आणि मान हलवली. या वेळी त्याने कानसेनांच्या समोर उभं राहून, तोंड दिसेल असं सांगितलं. "आतून वाकलीय, काका. आता नाही उठायची."

महिन्याने कानसेनांना कानाचं यंत्र मिळालं. ते लावून ते पहिल्यांदा कुठे आले असतील, तर माझ्याकडे. भिंगरी बरोबर होती, दप्तर ठेवायची मागची सीट तिने आपणहून धरली. त्यांनी डोळे मिटले. पहिल्या दिवशी काठी लावून मिटले होते तसे. किल्ली फिरवली. माझं इंजिन गरगरलं, गरगरलं आणि काहीच झालं नाही. आता त्यांना ऐकू येत होतं, आणि माझ्याजवळ ऐकवायला काही उरलं नव्हतं.

पण किल्ली चालूच होती, आणि माझ्यात पाण्याचा थेंब नव्हता. बझर सुरू झाला. दोन छोटे, एक थांबा.

"हाच का तो?" त्यांनी विचारलं.

"हाच," भिंगरी म्हणाली.

त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि ऐकत बसले. मी वर्षभर जे त्यांच्या पाठीला सांगत होते, ते त्यांनी पूर्ण दोन मिनिटं ऐकलं. मग किल्ली बंद केली.

मित्रांनो, मी आता कुठे जात नाही. माझं तेल बघायचं कारण उरलं नाही. पण एक मागणं मागते. माझ्यासारखीच न थरथरणारी माणसं असतात, ती आतून तापतात आणि बाहेरून हलत नाहीत. त्यांना विचारा. आणि तुमच्या घरात एखादा आवाज रोज येत असेल, रोज दोन मिनिटांनी थांबत असेल, आणि प्रत्येकाला वाटत असेल की ज्याचं त्याला माहीत असेलच, तर उद्यावर टाकू नका. तो रोज थांबतो, म्हणून उद्याही थांबेलच असं नाही.